बंद गिरणी का जळते?

राळेगाव तालुक्यात दिवाळीच्या सुमारास सीतादही होते आणि कापसाची वेचणी सुरू होते. तिथून उन्हाळा लागेपर्यंत जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात. याच दिवसांत विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या जिनिंगला आग लागल्याची बातमी येते. कापूस म्हटला की आग आलीच, असे आपण धरून चालतो. पण ज्या कारखान्यात कित्येक वर्षांत कापसाचे बोंड शिरलेले नाही, यंत्रे विकली गेली आहेत, वीज तोडलेली आहे, अशा जुन्या गिरण्याही जळतात. शिवाय त्या जळतात तेव्हा बहुधा काहीच शिल्लक राहत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या आगीचा दोष कापसावर टाकता येत नाही. तिची कारणे वेगळी आहेत आणि ती समजून घेणे कापसाच्या मुलखाला अगत्याचे आहे.

कापसाची आग

आधी कापसाची आग कशी असते ते पाहू. मोकळ्या कापसावर ठिणगी पडली की ज्वाळा पृष्ठभागावरून सरसर धावते, कारण प्रत्येक तंतूभोवती हवा असते. दाबून बांधलेल्या गाठीचे वागणे याच्या उलट. जिनमध्ये कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला, घर्षणाने ठिणगी पडली आणि ती रुईबरोबर गाठीत बांधली गेली, तर आत अडकलेल्या थोड्याशा हवेवर ती धुमसत राहते. बाहेरून काही दिसत नाही. गाठ कधी कधी काही दिवसांनी, गोदामात किंवा प्रवासात, पेट घेते. वरून पाणी मारले तरी ते गाठीच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. गाठ फोडून, पसरून विझवावी लागते.

धुमसणाऱ्या गाठी काय करू शकतात, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर कराचीहून आलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात स्फोटकेही भरलेली होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. अग्निशमन दलाने पाण्याचा मारा केला, पण गाठींतली आग विझेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ जवान होते. आपल्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

आगीला घाबरून घडलेली इमारत

आगीची ही भीती गिरणीमालकांना पहिल्यापासून होती. गिरणी या वास्तूचा इतिहास आगीशी झालेल्या झुंजीतूनच घडला आहे. लंडनमधली अल्बियन मिल ही वाफेच्या इंजिनांवर चालणारी पिठाची प्रचंड गिरणी १७९१ मध्ये जळाली आणि तिचा सांगाडा पुढे कित्येक वर्षे तसाच उभा राहिला. त्या काळी गिरण्यांचे मजले लाकडी. यंत्रांचे तेल फळ्यांत मुरायचे, कापसाची फूल सगळीकडे उडायची, उजेडाला दिवे आणि मेणबत्त्या. डर्बीच्या विल्यम स्ट्रटने यावर उपाय म्हणून लोखंडी खांब आणि विटांच्या कमानी वापरायला सुरुवात केली. १७९७ मध्ये श्रूझबरीजवळ डिदरिंग्टन इथे तागासारख्या फ्लॅक्सची गिरणी झाली. खांबांबरोबर तुळयाही लोखंडाच्या असलेली ती जगातली पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींची ती पणजी मानली जाते.

तरी लोखंड म्हणजे अभय नव्हे. ओतीव लोखंडाचा खांब तापलेला असताना त्यावर गार पाणी पडले तर तो तडकतो. पोलाद सहाशे अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावते. मग विटांची भिंत बाहेरून शाबूत दिसते आणि आतले मजले मात्र एकावर एक कोसळतात. म्हणून चांगल्या गिरण्या केवळ बांधकामावर विसंबत नसत. छतावर पाण्याची टाकी, आवारात हौद, रात्रीचा पहारेकरी, विडी-काडीला बंदी, रोजची झाडलोट ही व्यवस्था चालू ठेवावी लागे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचे नाव देशात स्वयंचलित पाण्याचे फवारे लवकर बसवणाऱ्या गिरण्यांत घेतले जाते. छतातल्या नळीचे तोंड उष्णतेने आपोआप उघडते आणि आग लहान असतानाच तिच्यावर पाणी पडते, अशी ती युक्ती.

म्हणजे गिरणी सुरक्षित होती ती रोज कुणीतरी ती सुरक्षित ठेवत होते म्हणून.

कुलूप लागल्यावर

गिरणीला टाळे लागते तेव्हा सगळ्यात आधी हीच व्यवस्था जाते. टाकीतले पाणी आटते. नळ आणि पंप भंगारात जातात. पहारेकऱ्याचा पगार थांबतो. खिडक्यांच्या काचा फुटतात आणि वारा आरपार वाहू लागतो. मजल्यांवर चढउतार करणारे पट्ट्यांचे आणि जिन्यांचे मार्ग उघडे पडतात. ज्वाळांच्या दृष्टीने ती चिमणीच. दीडशे वर्षे वाळलेले, तेल प्यायलेले लाकूड तसेच राहते. भंगार कापणाऱ्याच्या गॅसकटरची ठिणगी, थंडीत कुणी पेटवलेली शेकोटी, जाळलेला कचरा, एवढे पुरते. चालू कारखान्यात असा जाळ पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी नजरेस पडतो. बंद कारखान्यात तो छतातून बाहेर आल्यावर रस्त्यावरच्या लोकांना दिसतो. आगीचे सारे गणित या दोन वेळांमधल्या अंतरात आहे.

ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस गाड्या भरभरून गेला आणि जिथे १९२१ साली बनलेले इंजिन आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतलेने सत्तर वर्षे ओढले, तिथले ताजे उदाहरण पाहावे. मेडलॉक नदीकाठी १८०१ च्या सुमारास उभी राहिलेली मेडलॉक मिल ही शहरातल्या सर्वांत जुन्या सूतगिरण्यांपैकी एक. पुढे तिथे छापखाना आला आणि ती हॉट्स्पर प्रेस म्हणून ओळखली जाऊ लागली. नंतर ती रिकामी पडली. तिच्या जागी विद्यार्थ्यांसाठी उंच इमारत बांधण्याचे बेत चालू असतानाच २३ जून २०२५ रोजी ती पेटली. आजूबाजूच्या इमारतींतले लोक हलवावे लागले आणि सव्वादोनशे वर्षांची वास्तू एका संध्याकाळीत गेली. त्याआधी मार्च २०२२ मध्ये यॉर्कशायरमधल्या कीथली गावची डाल्टन मिल अशीच जळाली होती. ती तर सरकारी वारसा यादीत होती. यादीत नाव असल्याने इमारत परवानगीशिवाय पाडता येत नाही. ती जळू नये याची हमी यादी देत नाही.

रिकाम्या इमारतीची आग माणसेही घेते. अमेरिकेत वुस्टर शहरात १९०६ मध्ये बांधलेले शीतगोदाम दहाहून अधिक वर्षे बंद होते. ३ डिसेंबर १९९९ रोजी तिथे आसऱ्याला असलेल्या बेघर जोडप्याची मेणबत्ती कलंडली. ते दोघे निघून गेले, पण कुणाला कळवले नाही. आत माणसे असतील या समजुतीने अग्निशमन दलाचे जवान शिरले. खिडक्या जवळजवळ नसलेल्या, बूच आणि डांबराच्या थरांनी मढवलेल्या त्या चक्रव्यूहात सहा जवान वाट चुकून मेले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांत धोकादायक रिकाम्या इमारतींवर ठळक खूण करण्याची पद्धत रूढ झाली. आत शिरू पाहणाऱ्या जवानाला ती खूण बाहेरूनच सावध करते.

आपल्या दारातले कारखाने

हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर या नावांना गिरणीचा वास आहे. जिनिंग-प्रेसिंगची आवारे तर गावोगावी होती. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने त्यांतल्या अनेकांना सुमारे तीस वर्षे काम पुरवले. योजना संपली. २००० मध्ये आलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने नव्या धर्तीच्या जिनिंगला बळ दिले आणि नवे कारखाने गावाबाहेर, हमरस्त्यावर गेले. जुनी आवारे गावाच्या मधोमध राहिली. कुठे मालकांच्या वारसांत वाद, कुठे बँकेचा बोजा, कुठे कामगारांची देणी बाकी. निकाल लागेपर्यंत इमारतीवर खर्च करणे कुणालाच परवडत नाही. दरम्यान खालच्या जमिनीचा भाव चढत जातो.

मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर घडले. १९८२ च्या संपानंतर गिरणीपेक्षा गिरणीची जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियमावलीने जमिनीची वाटणी आखली, २००१ च्या बदलाने ती मालकांच्या बाजूने झुकली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. पण वापर बदलला म्हणून आग टळत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहात लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. गिरणीचे आवार गजबजले होते. गिरणीची जुनी शिस्त मात्र तिथे परतली नव्हती.

डिदरिंग्टनची गोष्ट म्हणूनच लक्षात ठेवावी. ती गिरणी १९८७ मध्ये बंद पडली. २००५ मध्ये सार्वजनिक संस्थेने ती विकत घेतली आणि २०२२ मध्ये ती कचेऱ्या व संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. पस्तीस वर्षांपैकी बरीचशी केवळ इमारत उभी ठेवण्यात गेली. छप्पर, कुलूप, पहारा, अशा कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या कामांत.

आपल्या तालुक्याच्या गावाला एवढा पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या पायरीला फारसा पैसा लागत नाही. नगरपंचायतीकडे बंद कारखान्यांची यादी असावी. प्रत्येकाचा फाटक उघडणारा माणूस आणि जवळचे पाणी कुठले, याची नोंद अग्निशमन दलाकडे असावी. वाळलेले गवत आणि कचरा हंगामाआधी काढावा. भंगार कापण्याचे काम देखरेखीशिवाय होऊ नये. आणि कचेरीतली कागदपत्रे पहिल्याच वर्षी बाहेर काढावीत. हजेरीपट, वेतनाची पुस्तके, खरेदीच्या वह्या यांवर एखाद्या वृद्ध कामगाराचा नोकरीचा पुरावा अवलंबून असतो, आणि या भागातल्या कापसाचा लिखित इतिहासही. विटांची भिंत जळाल्यावर थोडीफार उरते. हजेरीपटाची दुसरी प्रत कुठेच नसते.