झोंबिवली
झोंबिवली हा २०२२ साली प्रदर्शित झालेला मराठी भयविनोदी चित्रपट आहे. आदित्य सरपोतदार यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या प्रमुख भूमिका आहेत. निर्मिती सारेगामाच्या यूडली फिल्म्स या संस्थेची आहे. झोंबी या विषयावरील पहिला मराठी चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. 'झोंबी' आणि 'डोंबिवली' यांच्या जोडातून झालेले त्याचे नाव मराठी कानाला आणखी एका अर्थाने ओळखीचे वाटते, कारण 'झोंबणे' हे क्रियापद अंगावर धावून जाणे आणि तिखट झोंबणे या दोन्ही अर्थांनी मराठीत पूर्वापार रूढ आहे.

कथानक
सुधीर जोशी हा मध्यमवर्गीय अभियंता आपल्या गरोदर पत्नीसह, सीमासह, डोंबिवलीतील एका नव्या उंच इमारतीत राहायला येतो. शेजारीच जनतानगर ही वस्ती आहे. तेथे नळाला पाणी येत नाही आणि विश्वास हा तरुण त्यासाठी झगडत असतो. बाटलीबंद पाण्याच्या धंद्यातून उद्भवलेला संसर्ग पसरू लागतो, लागण झालेली माणसे इतरांना चावत सुटतात आणि एरवी परस्परांकडे न पाहणाऱ्या इमारतीला व वस्तीला एकमेकांचा आधार घ्यावा लागतो. नवा संसार आणि येऊ घातलेले मूल यांची काळजी कथेतील प्रेमाचा धागा शेवटपर्यंत टिकवून ठेवते. भित्र्या सुधीरची फजिती हा विनोदाचा मुख्य आधार आहे.

विषय आणि पार्श्वभूमी
झोंबीची कल्पना मूळची हैतीच्या लोकसमजुतींतील. तेथील झोंबी म्हणजे मांत्रिकाने गुलाम केलेले प्रेत. माणसे खाणाऱ्या आणि संसर्गाने वाढणाऱ्या झुंडीचे रूप तिला जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाने दिले. भारतात हिंदीतील 'गो गोवा गॉन' (२०१३) आणि तमिळमधील 'मिरुदन' (२०१६) हे याच वाटेने गेले. झोंबिवलीचे वेगळेपण असे की, येथे रोगाइतकेच पाणी महत्त्वाचे आहे. साथ पसरण्याआधीच शहर पाणी विकत घेऊ शकणारे आणि न शकणारे अशा दोन भागांत विभागलेले दिसते. चित्रपटातील उपहास तेथे सर्वांत धारदार आहे.

प्रत्यक्षातील डोंबिवली ठाणे जिल्ह्यात असली, तरी तिच्या पाण्याचा मोठा भाग रायगडमधून वाहत येतो. उल्हास नदी बोरघाट परिसरातील डोंगरांत उगम पावून कर्जत तालुक्यातून उत्तरेकडे जाते. याच तालुक्यातील भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरील आंध्रा जलाशयाचे पाणी वीजनिर्मितीनंतर तेथून उल्हास खोऱ्यात सोडले जाते आणि खाली कल्याण-डोंबिवलीला ते उपयोगी पडते. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीच्या केंद्राचे पाणी असेच पाताळगंगेला मिळते व पुढे रसायनी परिसरातील कारखान्यांना पुरते. कर्जत व खोपोलीच्या लोकलगाड्याही डोंबिवलीवरूनच मुंबईकडे जातात, त्यामुळे पाणी आणि चाकरमानी दोघांची वाट एकच! डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील प्रदूषणही वारंवार बातम्यांत येत असते. २०२० साली तेथील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाल्याचे प्रकरण बरेच गाजले होते. चित्रपटातील दूषित पाण्याची कल्पना म्हणूनच स्थानिक प्रेक्षकाला फारशी अद्भुत वाटत नाही.

निर्मिती आणि प्रदर्शन
चित्रपटाची घोषणा २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत झाली आणि चित्रीकरणही साथीच्या निर्बंधांतच पार पडले. एप्रिल २०२१ मध्ये ठरलेले प्रदर्शन दुसऱ्या लाटेमुळे पुढे गेले. अखेर २६ जानेवारी २०२२ रोजी तो चित्रपटगृहांत आला. त्या वेळी ओमायक्रॉनची लाट चालू होती आणि महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना निम्म्या आसनक्षमतेचीच परवानगी होती. संसर्गावरचा हा विनोद प्रेक्षकांनी त्यामुळे मुखपट्टी लावून, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून पाहिला.

सरपोतदार आणि वाघ यांनी यापूर्वी 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटासाठी एकत्र काम केले होते. भय आणि विनोद यांचे हेच मिश्रण सरपोतदार यांनी पुढे कोकणातील लोकसमजुतीवर आधारलेल्या 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटात वापरले.