डोळे सरासरी कशी काढतात?

मंडईत लिंबांचा वाटा समोर दिसतो आणि एकही लिंबू हातात न घेता आपण म्हणतो, "आज बारीक आहेत हो लिंबं!" मोजली कोणी? कोणीच नाही. तरी अंदाज सहसा बरोबर निघतो. आज बोलायचंय ते या अंदाजाबद्दल.

2001 साली डॅन एरियली यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर लहानमोठी वर्तुळं क्षणभर दाखवायची आणि मग विचारायचं: आता दाखवतोय ते वर्तुळ मघाच्या सरासरीपेक्षा मोठं की लहान? लोकांनी चांगली उत्तरं दिली. मग दुसरा प्रश्न: हे वर्तुळ मघाच्या समूहात होतं का? इथे मात्र सगळं अंदाजपंचे! म्हणजे बघा, सरासरी लक्षात राहिली, पण ती ज्यांची होती ती वर्तुळं निसटली. पुढे 2003 मध्ये चाँग आणि ट्रीझमन यांना आढळलं, की सेकंदाचा विसावा भाग एवढाच वेळ दिला तरी सरासरी आकार बऱ्यापैकी कळतो.

असं का? एका वेळी तीन-चार वस्तूच आपल्याला नीट ध्यानात ठेवता येतात. समोर तर ढीग असतो. मग दृष्टी सारांश काढते. शिवाय एकेका वस्तूचा अंदाज थोडा चुकतो, कुठे जास्त, कुठे कमी. सरासरीत या चुका एकमेकींना खोडून काढतात. अर्थात मेंदू खरंच सगळ्या वस्तू हिशेबात घेतो, की दोन-चार नमुन्यांवर भागवतो? मायझेक आणि सायमन्स यांनी 2008 मध्ये ही शंका काढली, आणि तिच्यावर वाद झाले.

हे फक्त आकारापुरतं नाही. हेबरमन आणि व्हिटनी यांनी 2007 मध्ये चेहऱ्यांचे गट दाखवले. गटाचा सरासरी भाव लोकांना कळला. त्यातला एकेक चेहरा मात्र ओळखता येईना.

आता मी इथून तुमच्याकडे बघतोय. माझे डोळे सांगतात, सभागृह खुशीत आहे. असेलही. पण मागच्या रांगेत कोणी उदास बसलं असेल, तर ते या सरासरीत विरघळून गेलंय. तुमच्यात शिक्षक असतील, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. 'वर्गाला समजलं' एवढं एका नजरेत कळतं. कोणाला समजलं नाही, हे कळायला एकेका चेहऱ्यापाशी थांबावं लागतं.