पानाच्या टोकावरचा थेंब

बँकॉकहून आलेल्या बॅगांत दडवलेले सरडे, कासवं मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. मला काळजी वाटते ती सुटून कुणाच्या तरी घरी पोचलेल्या पिल्लांची. आपला घोयरा सरडा, म्हणजे भारतातला कॅमेलिऑन, १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कुंपणावरून उचलून आणला तर तो गुन्हा. परदेशी कॅमेलिऑनची नोंद २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, तो हाती आल्यापासून ३० दिवसांत करावी लागते. पण पिल्लू जगणार की नाही, हे पिंजऱ्यावर ठरतं.

येमेन-सौदीकडचा व्हेल्ड कॅमेलिऑन घ्या. माशांची काचेची टाकी त्याच्यासाठी चुकीचीच. तिच्यात हवा कोंडते, शिवाय काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब पिल्लाला प्रतिस्पर्धी वाटतं. हवा जाळीचा उभा पिंजरा, साधारण सव्वा फूट लांब-रुंद, अडीच फूट उंच. तोही उंचावर ठेवलेला आणि एका पिल्लाला एकच.

खरी मेख पाण्यात आहे. वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे ते बहुधा ढुंकूनही बघत नाही. एका परिचितांकडे पिंजऱ्यातल्या जास्वंदीवर फवारा मारून आम्ही वाट बघत होतो. बोटाएवढं पिल्लू फांदी धरून गप्प. मग एक डोळा पानाच्या टोकाकडे फिरला, दुसरा माझ्यावरच होता. थेंब लोंबला तसं ते पुढे सरकलं आणि चाटू लागलं. सकाळी डोळे खोल गेलेले दिसले, तर पाणी कमी पडतंय असं समजा. मात्र दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं सुकायलाच हवीत; सततच्या ओलीने फुफ्फुसं बिघडतात.

खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच त्यातले यूव्हीबी किरण अडवते. त्यासाठी खास ट्यूब लागते, नाहीतर हाडं मऊ होऊन पाय वाकतात. उबेचा बल्ब जाळीबाहेर लावा. त्याखालच्या फांदीवर २९-३० अंश पुरेत. रात्री पूर्ण अंधार. तळाला माती नको, ती किड्याबरोबर पोटात जाते. खाऊन उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्या, झोपलेल्या पिल्लाला ते कुरतडतात.

आधी आठवडाभर रिकामा पिंजरा चालवून बघा. दुपारी दोनला थर्मामीटर काय दाखवतो, पानं किती वेळात सुकतात, ते लिहून ठेवा. मे महिन्यात जळगाव-नागपूरसारख्या ठिकाणी तुमच्या खोलीतच पारा ३५च्या वर राहत असेल, तर पिल्लू आणू नका.