नालबंदी

नालबंदी म्हणजे घोड्याचा खूर तासून, तळ सारखा करून त्यावर धातूची नाल बसविण्याचे काम होय. हे काम करणाऱ्या कारागिरास नालबंद म्हणतात. नालेमुळे खुराची झीज थांबते, परंतु वाढ थांबत नाही. म्हणून नाल झिजलेली नसली तरी ती ठरावीक काळाने काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. महाराष्ट्रात माथेरानसारखी गिरिस्थाने, शर्यतीचे तबेले, अश्वारोहण शाळा आणि वरातीचे घोडे पाळणारे व्यावसायिक यांना नालबंदाची नियमित गरज भासते.

शब्द व इतिहास

‘नाल’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ पादत्राण असा आहे; ‘बंद’ हे फारसी पद बांधणारा या अर्थी येते. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन मुख्य वर्ग होते. बारगिरास घोडा सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येई. शिलेदारांना घोडी सज्ज करण्यासाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिलाही ‘नालबंदी’ असेच नाव होते.

खिळ्यांनी ठोकलेली नाल तुलनेने अलीकडची आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने खूर कणखर व्हावेत म्हणून घोडे दगडगोट्यांच्या अंगणात उभे करण्याचा सल्ला दिला होता. रोमन लोक पायाला बांधायचे धातूचे आवरण वापरत, तर जपानमध्ये गवताचे जोडे घालत. युरोपात इ.स. १००० च्या सुमारास खिळ्यांच्या नालेचा वापर सर्वत्र पसरू लागला.

खुराची रचना

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि त्या बोटाचे नख म्हणजे खूर. बाहेरून दिसणारी कडक भिंत माणसाच्या नखाप्रमाणेच केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या बाह्य भागात नसा किंवा रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तेथे खिळा ठोकल्यास वेदना होत नाहीत. भिंतीच्या आत मात्र रक्तपुरवठा असलेले नाजूक पडदे असून त्यांच्या आधारे खुरातील हाड भिंतीला जोडलेले असते.

पाय उचलून पाहिल्यास भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर फिकट रंगाची ‘पांढरी रेषा’ दिसते. मागच्या बाजूस पुतळी नावाची त्रिकोणी, लवचीक गादी असते. पाय टेकताच टाचेकडचा भाग किंचित फाकतो. त्यामुळे धक्का शोषला जातो आणि रक्ताभिसरणास मदत होते. भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. पुढच्या टोकाशी ती वरपासून खालपर्यंत पूर्ण नवी होण्यास ९ ते १२ महिने लागतात.

नाल बसविण्याची पद्धत

प्रथम नालबंद घोडा सपाट जागी उभा करून व चालवून पाहतो. जुन्या खिळ्यांची वळवलेली टोके सरळ करून नाल टाचेकडून हळूहळू सैल केली जाते. ती ओढून काढल्यास भिंतीचे तुकडे निघतात. नंतर सुरीने तळव्याचा मेलेला भाग काढतात, पकडीने वाढलेली भिंत कापतात आणि कानशीने तळ सारखा करतात. या टप्प्यावर खुराचा कोन आणि दोन्ही बाजूंची उंची ठरते. टोक लांब व टाच बुटकी राहिल्यास पायाच्या मागील शिरांवर ताण येतो. चुकीच्या तासणीचा दोष नंतर कितीही चांगली नाल बसवली तरी झाकला जात नाही.

यानंतर नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या आकाराची केली जाते. नालेच्या आकारात खूर बसविण्यासाठी भिंत बाहेरून कानशीने घासणे हा दोष मानला जातो. तापवलेली नाल क्षणभर खुरावर टेकवल्यास जळालेल्या भागावरून उंचसखलपणा कळतो. धूर व वास येत असला तरी घोड्याला इजा होत नाही. थंड पद्धतीत तयार नाल न तापवता जुळवून घेतात.

एका नालेस सामान्यतः ६ ते ८ खिळे लागतात. खिळ्याचे टोक एका बाजूने तिरपे असते, त्यामुळे तो आत जाताना बाहेरच्या दिशेने वळतो आणि भिंतीतून तळापासून सुमारे २ सेंटिमीटर उंचीवर बाहेर पडतो. बाहेर आलेले टोक मोडून उरलेला भाग भिंतीवर वळवून दाबतात. खिळा नेहमी पांढऱ्या रेषेच्या बाहेर राहिला पाहिजे. तो आत गेल्यास नाजूक भागाला जखम होऊन पू होतो व घोडा लंगडतो. घोडा धनुर्वाताला विशेष बळी पडणारा प्राणी असल्याने अशी जखम प्राणघातकही ठरू शकते. म्हणून धनुर्वाताची लस वेळेवर देणे आवश्यक असते.

साधारणपणे दर ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढून खूर तासतात. ओझ्याचे व रस्त्यावरील काम करणाऱ्या घोड्यांसाठी लोखंडी, तर शर्यतीच्या घोड्यांसाठी हलकी अ‍ॅल्युमिनियमची नाल वापरतात. मऊ जमिनीवर काम करणाऱ्या किंवा विश्रांतीवर असलेल्या घोड्यांना नालेची गरज नसते. तासणी मात्र त्यांनाही लागते.

दैनंदिन निगा व आजार

कामापूर्वी आणि कामानंतर आकडीने खुरातील माती, शेण व खडे काढणे ही निगेची पहिली पायरी होय. त्याच वेळी नाल सैल आहे का, खिळे वर आले आहेत का आणि खूर एरवीपेक्षा गरम लागतो का, हे पाहिले जाते. ओल्या व घाणेरड्या तबेल्यात पुतळी कुजते. काळा, दुर्गंधीयुक्त स्राव हे त्याचे लक्षण असते. कोकणातील दीर्घ पावसाळ्यात सतत भिजून भिंत मऊ पडते व खिळ्यांची पकड ढिली होते. उन्हाळ्यात ती कोरडी पडून तडकते.

सर्वांत गंभीर आजार म्हणजे खुरातील पडद्यांचा दाह. जास्त धान्य खाणे, हार्मोनचे विकार, अन्य तीव्र आजार किंवा एका पायावर दीर्घकाळ भार पडणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. असा घोडा शरीराचा भार मागे टाकून उभा राहतो. हाडाला धरणारे पडदे निकामी झाल्यास हाड खाली फिरते, म्हणून पशुवैद्यकाला त्वरित बोलवावे लागते.

बैलांच्या पत्र्या

बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याला एका पायास दोन, अशा आठ पत्र्या लागतात. घोडा पाय उचलून उभा राहतो. बैलाला मात्र सहसा दोरीने आडवा पाडून, पाय बांधून पत्र्या मारतात. नागोठणे, पेण व रोहा या रायगड जिल्ह्यातील भातपट्ट्यात चिखलणी करणाऱ्या बैलाच्या खुरांची झीज फारशी होत नाही. त्याच बैलाला डांबरी रस्त्यावर गाडी ओढायची असल्यास पत्री आवश्यक ठरते.

माथेरानमधील घोडे व रस्त्यांचा प्रश्न

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे घोडा हे प्रवासाचे व मालवाहतुकीचे प्रमुख साधन राहिले आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला.

येथील पारंपरिक रस्ते जांभ्या दगडाच्या लाल मातीचे आहेत. अशा जमिनीत नालेची कड किंचित रुतून पकड मिळते. गुळगुळीत व ओल्या कठीण पृष्ठभागावर मात्र लोखंड घसरते, विशेषतः उतारावर. त्यामुळे रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसविण्यास घोडेवाल्यांनी विरोध केला आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५ मधील आदेशात न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य मार्गावर ब्लॉक बसविण्यास परवानगी दिली, परंतु आतील रस्त्यांवर व पायवाटांवर ते बसवू नयेत असे सांगितले. त्याच आदेशात माणसाने ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्यास सांगण्यात आले.

कठीण पृष्ठभागावर पकड वाढविण्यासाठी नालेला लहान पोलादी दट्टे बसविणे, मोठ्या डोक्याचे कठीण धातूचे खिळे वापरणे किंवा रबराचे आवरण लावणे असे उपाय जगभर केले जातात. मात्र अतिरिक्त पकडीमुळे पाय एकाएकी अडकून सांध्यांवर ताण येऊ शकतो. त्यामुळे नालेची निवड करताना खुराबरोबरच घोडा ज्या जमिनीवर रोज चालतो तिचाही विचार नालबंदाला करावा लागतो.