कॅमेरा कधी सुरू झाला?

धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलावरून भांडण पेटलं, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. अशा बातमीचा साचा ठरलेला असतो: दोन गट भिडले, पोलीस मध्ये पडले. पण मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती बाहेर आल्या, आणि त्यांत पोलीसच मोडतोड करताना दिसले. काही पोलिसांना अटक झाली. ‘दोन गट’ म्हणताना तिसरा सुटला होता, तो कुणाच्या तरी फोनने पकडला.

सुटलेला माणूस शोधणं हेच चांगल्या माहितीपटाचं काम. आनंद पटवर्धनांच्या ‘राम के नाम’मध्ये (१९९२) अयोध्येतल्या राममंदिरासाठी निघालेल्या रथयात्रेचा जल्लोष भरपूर आहे, पण लक्षात राहतात ते त्या मोहिमेला उघड विरोध करणारे पुजारी लालदास. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. दूरदर्शनवर हा माहितीपट यायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

धुळ्याहून तासाभरावरच्या मालेगावात फैझा अहमद खान वेगळ्या वाटेने गेल्या. बॉम्बस्फोटांमुळे देशाला ठाऊक झालेलं हे गाव; मोसम नदीच्या एका काठाला मुसलमान, दुसऱ्या काठाला हिंदू. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) ही फाळणी सांगतो आणि सरळ यंत्रमागाच्या खडखडाटात शिरतो. गावच्याच सिनेमात तिथला किडकिडीत मागवाला सुपरमॅन होतो, दिग्दर्शक शेख नासिर त्याला उडवण्याच्या खटपटीत. यातला मुसलमान ना आरोपी ना बिचारा, तो सिनेमावेडा आहे. मला ही चौकट जास्त धीट वाटते. अर्थात तिच्यात गावाच्या जखमांचा हिशेब मिळत नाही, हेही खरं.

जळगावावर माहितीपट करायचा, तर तो हिशेब टाळता येणार नाही. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा उत्सव. रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथे चादर चढते. कॅमेऱ्याला याहून गोजिरं दृश्य कुठलं? पण याच शहरात ८ मे १९७० रोजी, भिवंडी पेटल्याच्या दुसऱ्या दिवशी, दंगल झाली. ४३ जण मेले, त्यांत ४२ मुसलमान. न्या. मादन आयोगाने त्याची चौकशी केली. नुसती चादर दाखवणारा माहितीपट पर्यटन खात्याला शोभेल. नुसती दंगल दाखवणाऱ्याला रथ तिथे अजून का थांबतो, हे सांगता येणार नाही. करायचा तर त्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदारांपासून करावा. १९७०च्या कार्तिकात रथ आला तेव्हा कोण कुठे उभं होतं, एवढंच त्यांना विचारावं.