कुटुंबवैद्य आणि आजारापूर्वीची दक्षता

आमच्या परिचयातील एक गृहस्थ वयाच्या ५२व्या वर्षी एके पहाटे अंथरुणातून उठताना कोसळले. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. रुग्णालयात रक्तदाब मोजला, तेव्हा तो अतिशय वाढलेला आढळला. घरच्यांकडे चौकशी केली असता, गेल्या दहा वर्षांत त्यांनी तो एकदाही मोजून घेतला नसल्याचे कळले. "मला काही होतच नाही," असे ते अभिमानाने सांगत असत. त्यात असत्य काही नव्हते. कारण वाढलेला रक्तदाब बहुधा काही जाणवू देत नाही. मधुमेहाचेही प्रारंभी असेच असते. म्हणूनच प्रकृती ठणठणीत असतानाही आपल्यावर लक्ष ठेवणारा एक डॉक्टर प्रत्येक घराला हवा.

पूर्वी गावातील एकच डॉक्टर आजोबांपासून नातवापर्यंत साऱ्यांना ओळखत असे. आज छातीत कळ आली की हृदयतज्ज्ञ, गुडघा दुखला की अस्थितज्ज्ञ, अशी आपली धावपळ सुरू होते. एकेका अवयवाचा जाणकार भेटतो, संपूर्ण माणसाला ओळखणारा मात्र कोणी उरत नाही. चार डॉक्टरांची औषधे एकाच वेळी पोटात जातात आणि ती परस्परांना मारक तर नाहीत ना, हे पाहण्याचे काम कोणाचेच राहत नाही.

निवड कशी करावी?

प्रथम पदवी व नोंदणी पाहावी. एम.बी.बी.एस. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या परिषदा स्वतंत्र आहेत. आपला डॉक्टर कोणत्या शास्त्राचे शिक्षण घेतलेला आहे, हे विचारण्यात संकोच कसला? २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे व औषधचिठ्ठीवर छापणे डॉक्टरांस बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. ज्याच्याकडे चालत किंवा रिक्षाने सहज पोहोचता येते, तोच डॉक्टर अडीअडचणीला उपयोगी पडतो. तो रजेवर असल्यास त्याच्या जागी कोण पाहते, हेही विचारून ठेवावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची वागणूक. तो आपले बोलणे पूर्ण ऐकून घेतो का? औषधाचे नाव लिहून देतो, की नाव नसलेल्या रंगीत गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतो? त्या पुडीत काय होते, हे उद्या दुसऱ्या डॉक्टरला कसे कळणार? साध्या सर्दीलाही इंजेक्शन व सलाइन देणाऱ्यापेक्षा "याला औषधाची गरज नाही, विश्रांती घ्या," असे सांगणारा डॉक्टर अधिक विश्वासाचा. अर्थात, सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही, हा हट्ट पुष्कळदा आपलाच असतो, हेही मान्य करावयास हवे.

पहिली भेट

प्रकृती बरी असतानाच एकदा भेटून यावे. जुने अहवाल, चालू औषधे व आई-वडिलांचे आजार यांची माहिती सोबत न्यावी. तंबाखू, मिश्री वा मद्य यांविषयी काही लपवू नये. घरातील प्रत्येकाची वेगळी फाइल करावी. रुग्णाने आपल्या नोंदींची मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे उपरोक्त नियम सांगतात.

कोणत्या तपासण्या, केव्हा?

वयाची ३० वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब व रक्तशर्करा वर्षातून एकदा तपासावी. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा वा तंबाखू घेऊ नये. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा पुन्हा पुन्हा आढळल्यास उपचारांची गरज असते. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ वा अधिक असणे, हे मधुमेहाचे लक्षण मानले जाते. मात्र निदान पक्के करण्यासाठी पुन्हा तपासणी करावी लागते.

मुखाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ३० वर्षांवरील व्यक्तींची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे शासनाच्या कार्यक्रमात ठरलेले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा सेविकेकडे याची चौकशी करावी. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, न भरणारा व्रण, स्तनातील गाठ, मासिक पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव यांपैकी काही दिसल्यास मात्र पुढील तपासणीची वाट पाहू नये. आमच्या माताभगिनी लज्जेपोटी हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. त्यांना सोबत घेऊन जाणे, हे घरच्यांचे कर्तव्य आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय केंद्रात ती विनामूल्य होते.

बालकांच्या लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. दीड वर्षानंतर पालक निश्चिंत होतात. परंतु पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानची, तसेच १० व १६ वर्षे वयाची लसही तितकीच आवश्यक आहे.

जाहिरातींतील "संपूर्ण देह तपासणी" पाहून भुलू नये. डझनावारी चाचण्यांतून एखादा निरुपद्रवी आकडा पुढे येतो आणि नाहक चिंता व खर्च वाढतो. आपले वय, व्यवसाय व घराण्यातील आजार पाहून कोणती चाचणी हवी, हे सांगण्यासाठीच तर कुटुंबवैद्य असतो.

प्रारंभी उल्लेखिलेले गृहस्थ आता काठीच्या आधाराने चालतात. वाचाही बरीचशी परतली आहे. भेटणाऱ्या प्रत्येकाला ते अडखळत एकच प्रश्न विचारतात, "रक्तदाब शेवटचा कधी मोजलास?" प्रिय वाचकहो, आज आम्ही तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहोत.