जीवनगुणवत्तामापन, रुग्णांचे

रोग व त्यावरील उपचार यांमुळे रुग्णाची शारीरिक क्षमता, मानसिक स्थिती आणि सामाजिक व्यवहार यांत पडणारा फरक मुख्यत्वे त्याच्याच उत्तरांवरून संख्येत व्यक्त करण्याची पद्धती. रक्तदाब, रक्तशर्करा, अर्बुदाचा आकार ही मापे शरीरातील बदल दाखवितात. पण त्या बदलाने जगणे कितपत सुसह्य झाले, हे त्यांवरून कळत नाही. 

अमेरिकन वैद्य डेव्हिड कार्नॉफस्की यांनी १९४० नंतरच्या दशकात कर्करोग्यांसाठी ० (मृत्यू) ते १०० (पूर्ण कार्यक्षमता) अशी श्रेणी मांडली. तीत अंक वैद्य देत असे. पुढे रुग्णाने स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या रूढ झाल्या. त्यांपैकी एसएफ–३६ (१९९२) ही सर्वसाधारण असून क्यूएलक्यू–सी३० (१९९३) कर्करोगापुरती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपली प्रश्नावली निरनिराळ्या देशांतील केंद्रांत एकाच वेळी विकसित केली. त्यांत नवी दिल्ली व मद्रास (चेन्नई) ही केंद्रे होती. शब्दशः भाषांतराने प्रश्नाचा आशय बदलू नये, हा त्यामागील हेतू होता.

ईक्यू–५डी या प्रश्नावलीत हालचाल, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना वा अस्वस्थता आणि चिंता वा खिन्नता अशी पाच अंगे आहेत. प्रत्येकाच्या पाच पातळ्या धरल्यास ३,१२५ आरोग्यस्थिती संभवतात. पूर्ण आरोग्य १ व मृत्यू ० मानून प्रत्येक स्थितीस मूल्य देतात. काही स्थितींचे मूल्य शून्याहूनही कमी येते. या मूल्याने वर्षांची संख्या गुणली असता गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षे मिळतात. उदा., ०·५ मूल्याच्या स्थितीतील ४ वर्षे म्हणजे अशी २ वर्षे होत. इंग्लंडमधील नाइस (स्थापना १९९९) ही संस्था एखाद्या औषधावर सार्वजनिक निधी खर्चावा की नाही, हे सुचविताना अशा एका वर्षामागील खर्च विचारात घेते.

ही मूल्ये बहुधा सर्वसामान्य नागरिकांच्या पसंतीवरून ठरवितात. भारतीयांच्या पसंतीवर आधारित मूल्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु दीर्घकाळ अपंगत्वासह जगणारी माणसे आपल्या जीवनास पुष्कळदा इतरांच्या अंदाजाहून अधिक मूल्य देतात. त्यामुळे इतरांनी ठरविलेल्या कमी मूल्याने त्यांचे आयुष्य वाढविणारा उपचारही कमी किफायतशीर ठरू शकतो. म्हणून निधीवाटपात या संख्येबरोबरच रोगाची तीव्रता व न्याय्यता यांचाही विचार आवश्यक ठरतो.